पाणाड्याच्या हातातली बरगडी

चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले खून, दरोडे आणि दंगली आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या गावचा, हे आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. बीड जिल्ह्यातलं हे एक प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे. त्यात माणूस मेला नव्हता. एका आईचा आणि तिच्या पिल्लाचा जीव मात्र त्यात अडकला होता. ती आई आमच्या ठाण्यापासून शेकडो कोस दूर, समुद्रात, शेपटीला दोर बांधलेल्या अवस्थेत होती. आणि बराच वेळ आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो. केज आणि अंबाजोगाईच्या मधलं एक ठाणं माझ्याकडे होतं. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. सकाळी हजेरी झाली की निम्मे शिपाई टँकरच्या बंदोबस्ताला जायचे आणि उरलेले चारा छावण्यांवर. स्टेशन डायरीत चोरीच्या जागी पाण्याच्या नोंदी वाढल्या होत्या. टँकर अडवला, नळी कापली, हंड्यांच्या रांगेत डोकी फुटली. दुष्काळात पीक उगवत नाही, धंदे मात्र उगवतात. हतबल माणसाच्या आशेवर पोट भरणाऱ्यांचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

अशाच एका सकाळी ठाण्यात चेअरमनबाई आल्या. त्यांच्या गावात बायकांची दूध उत्पादक सहकारी संस्था होती. ती त्यांनीच उभी केली आणि चालवली. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज खणखणीत. छावणीही संस्थाच चालवत होती. पलीकडच्या गावांची जनावरंसुद्धा तिथे दावणीला होती. आमचे जमादार त्यांना आक्का म्हणायचे.

"सायेब, आमच्या छावनीसाठी बोअरची जागा बघायला पानाडी आलता," त्या बसायच्या आधीच सांगू लागल्या. "नारळ न्हाई, कडुनिंबाची फांदी न्हाई. त्याच्या हातात हाडं हायती. दोन बरगड्या दोऱ्यानं बांधल्याती. मला तर ती माणसाची वाटली. कुनाचं मढं उकरलं म्हनायचं ह्यानं?"

"तुमी हात लावला का आक्का?" जमादारांनी विचारलं.

"हात कावून लावू? तुमी कशाला पगार घेता मंग?"

पाणाडी म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा. आमच्या भागात त्याला मान असतो. शिकलेली माणसंसुद्धा बोअर मारण्याआधी त्याला बोलावतात. त्यामुळे त्याला उचलायला गेलो तेव्हा लोक नाराज झाले. घाटनांदूरच्या रस्त्यालगत एका रानात तो अनवाणी चालत होता आणि मागे तीस-चाळीस माणसं श्वास रोखून चालली होती. दोन पंच घेऊन मी तिथेच पंचनामा केला. लाल कापडात गुंडाळलेल्या दोन बरगड्या ताब्यात घेतल्या. हातभर लांब, जाडजूड, गुळगुळीत, आणि वजन असं की दगडच उचलल्यासारखं वाटावं.

"सायेब, मी पानी दावतो, खून न्हाई करत," तो हात जोडून म्हणाला. "ही पान्यातल्या जनावराची हाडं हायती. ज्याचा जलम पान्यात, त्याचं हाड पान्याकडंच वढ घेतं. म्या काय वाईट केलं?"

ठाण्यात आल्यावर जमादारांनी ती हाडं पाणाड्यासारखी दोन्ही हातांत धरली आणि चालून पाहिलं. दहा पावलांवर टोक खाली झुकलं.

"सायेब, लॉकअपमंदी पानी लागलं!"

सगळं ठाणं हसलं. पण हसता हसता मला गोम कळली. हाड एका टोकाला जड होतं. मनगट थकलं की ते झुकणारच. माणूस जिथे थकेल तिथे पाणी. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ गावोगाव फिरत होता, आणि त्यानं दाखवलेल्या जागी लोक बोअर मारत होते.

हाड माणसाचं की जनावराचं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. मुद्देमाल सीलबंद करून मी स्वतः अंबाजोगाईला गेलो. वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनेच्या प्राध्यापिकांनी हाड हातात घेतलं आणि लगेच मान हलवली. माणसाचं नक्कीच नाही, म्हणाल्या. एक्स-रे काढला तर आत मज्जेची पोकळी कुठेच दिसली नाही. आरपार भरीव. "बैलाचं नाही, म्हशीचं नाही. जमिनीवरच्या कुठल्या जनावराचं असेल असं वाटत नाही," एवढं बोलून त्यांनी मला शहरातल्याच एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे पाठवलं.

हे प्राध्यापक निवृत्तीला आलेले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ ती बरगडी न्याहाळली. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही बीडमध्ये समुद्रगाय पकडलीत."

डुगाँग हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मासा नाही, आपल्यासारखाच सस्तन प्राणी. समुद्राच्या उथळ तळाशी गवताची कुरणं असतात आणि हा प्राणी आयुष्यभर तेच चरतो. कुणाला इजा करत नाही. दर काही मिनिटांनी श्वास घ्यायला वर येतो. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर गुदमरून मरतो. मादीला कित्येक वर्षांतून एकदा एकच पिल्लू होतं. ती त्याला दूध पाजते आणि वर्ष-दीड वर्ष जवळ वागवते. माणसाइतकं जगणारा हा प्राणी, पण एक मादी मारली की ती भरून यायला एक पिढी जाते. कुरणं बोटींनी आणि गाळानं उद्ध्वस्त झाली. मांसासाठी, तेलासाठी हा प्राणी मारला गेला. आता आपल्या किनाऱ्यांवर थोडेच उरले आहेत.

"आणि हाड इतकं जड का?" मी विचारलं.

"तळाशी राहता यावं म्हणून. हलकं हाड असतं तर ती वर तरंगली असती, चरली कशी असती? चरता यावं म्हणून तिला मिळालेलं वजन आहे हे."

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. वाघाला जितकं संरक्षण, तितकंच हिला. गुन्हा दाखल करून मी पाणाड्याला पुन्हा समोर बसवला. कायदा ऐकल्यावर त्याचा नूर पालटला. त्यानं ही हाडं बोअरच्या गाडीवरच्या ड्रिलरकडून घेतली होती.

दुष्काळ पडला की आमच्याकडे तामिळनाडूतून बोअरच्या गाड्या येतात. महिनोन्महिने ती माणसं इथेच राहतात, रानात झोपतात, शेतकऱ्याच्या घरचं खातात. हा ड्रिलर तिकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीतला होता. गावात सगळे त्याला अण्णा म्हणत. चाळिशीचा, काळासावळा, अंगावर कायम बोअरचा पांढरा धुरळा. आठ-नऊ हंगाम इकडे काढल्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायचा. केजजवळ त्याची गाडी चालू होती, तिथून आम्ही त्याला आणलं.

"हड्डी समुद्रावर पडला होता साब. मी उचलला. बस," एवढंच तो बोलला. दोन तास मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. उत्तर तेच.

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं आणि कमरेच्या पट्ट्याला हात घातला. "सायेब, तुमी जरा च्या पिऊन या. दहा मिन्टात बोलतो का न्हाई बघा."

मी नाही म्हणालो. माझी याबाबतची मतं सगळ्या जिल्ह्याला माहीत होती आणि त्यामुळे माझी चेष्टाही व्हायची. पट्ट्याखाली माणूस बोलतो हे खरं, पण तो आपल्याला हवं तेच बोलतो. शिवाय गणवेश घातला म्हणून दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायचा परवाना मिळतो, हे मी कधीच मान्य केलं नाही आणि करणार नाही.

पण माझीही एक चूक झालीच. ड्रिलरचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं. किनाऱ्यावर मेलेलं जनावर लागलं असेल, यानं बरगड्या उचलल्या असतील. मी कागद तयार करायला घेतले. 'मृत प्राण्याचे अवशेष जप्त' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोघांना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायचं आणि तपास वनखात्याकडे सोपवायचा. माझ्या लेखी प्रकरण संपल्यात जमा होतं.

तेवढ्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास चेअरमनबाई पुन्हा आल्या. हातात डबा.

"कुनासाठी आक्का?" जमादार.

"त्या अन्नासाठी. माज्या रानात बोअर मारताना तीन दिस माज्या घरी जेवलाय. भाकर त्याला जमत न्हाई, भातच लागतो. तुमच्या सरकारी भाकरीवर उपाशी ऱ्हाईल त्यो."

"त्यानं तुमच्या रानात नुसता धुरळा काढला ना? पानी कुटं लागलं?"

"धुरळा काढला म्हनून पोट ऱ्हात न्हाई व्हय रिकामं?"

डबा तपासून मी परवानगी दिली. माझ्यासमोर, लॉकअपच्या बाहेर बाकावर ड्रिलरला बसवलं. भात, आमटी आणि वाटीभर ताक. त्या दिवसांत ताक म्हणजे चैन होती. तो मान खाली घालून जेवू लागला आणि बाई समोर जमिनीवर बसल्या.

"सायेब, ते हाड कशाचं निघालं मंग?" त्यांनी मला विचारलं.

प्राध्यापकांनी सांगितलं होतं तेवढं मी त्यांना सांगितलं. गवत खाते, दूध पाजते, एकच पिल्लू होतं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्या ड्रिलरकडे वळल्या. त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती. छावणीच्या दारात नवीन जनावर आलं की त्या रोज जे विचारायच्या, तेच त्यांनी विचारलं.

"गाभन हुती का रं ती?"

ड्रिलरचा घास हातातच राहिला.

"अन्ना, तुला इचारते. आमच्या छावनीत पैला चारा गाभनीला. मंग यालेलीला. मंग बाकीच्यास्नी. सोताची गाय उपाशी ऱ्हायली तरी दुसऱ्याच्या गाभनीचा चारा कुनी घेत न्हाई. घेतला तर बाया त्याला उभा करत न्हाईत. तुमच्याकडं असं काई न्हाई का?"

ताकाची वाटी त्यानं बाजूला ठेवली. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"आक्का," तो म्हणाला, "एक जिवंत आहे."

मी खुर्चीतून उठलो.

त्याचं सगळं बोलणं जोडून निघालं ते असं. या बरगड्या आधीच्या एका जनावराच्या होत्या. पाणाड्याला त्या मिळाल्यावर इतर पाणाड्यांनाही हव्या झाल्या आणि त्यानं आणखी मागवल्या. ड्रिलरनं आपल्या मेव्हण्याला निरोप दिला. चार दिवसांपूर्वी मेव्हण्याच्या जाळ्यात एक मादी सापडली होती, हे आम्ही त्याला आणायच्या आधी मेव्हण्यानंच फोनवर कळवलं होतं. तिला त्यानं मारलं नव्हतं. मांसाचं गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून उथळ पाण्यात खांब रोवून, भोवती जाळं लावून, शेपटीला दोर बांधून ठेवलं होतं. नाक वर काढण्यापुरती ढील होती. पिल्लू जाळ्याच्या बाहेर फिरत होतं. आईला सोडून ते जात नव्हतं.

"आवुलिया म्हणतो आम्ही तिला," तो म्हणाला. "उद्या सकाळी कापणार."

ठाण्यातलं घड्याळ एक वाजल्याचं दाखवत होतं.

मी बिनतारी संदेश बीडच्या नियंत्रण कक्षाला दिला. पण तो संदेश बीडहून मुंबईला, मुंबईहून चेन्नईला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून किनाऱ्यावरच्या चौकीला जाणार. आपल्या खात्याची चाल मला माहीत होती. उद्या सकाळच्या आत तो कागद कुठल्या तरी टेबलावर झोपलेला असणार.

"तिकडे कुणाला फोन लागेल?" मी ड्रिलरला विचारलं.

एकच नंबर त्याला पाठ होता. शेजारच्या वस्तीतल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा. त्याची बायको तिथूनच त्याला फोन करायची. त्या संस्थेनं ठराव केला होता की जाळ्यात आवुलिया आली तर जाळं कापायचं, पण तिला सोडायचं. त्याच ठरावावरून मेव्हण्याचं आणि संस्थेच्या सचिवाचं भांडण झालं होतं, आणि ड्रिलर मेव्हण्याच्या बाजूनं उभा राहिला होता.

जमादारांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सायेब, इचार करा. ह्यो तामिळमंदी काय बोलंल ते आपल्याला घंटा कळनार न्हाई. मेव्हन्याला सावध केलं तर? आरोपीच्या हातात ठान्याचा फोन! नोकरीवर येईल तुमच्या."

ते खोटं बोलत नव्हते. असं करायची सोय कुठल्याही नियमात नाही. मी चेअरमनबाईंकडे पाहिलं. त्या डब्याची झाकणं लावत होत्या.

"मला काय इचारता?" त्या म्हणाल्या. "म्या त्याच्या भरवशावर रानात भोक पाडून घेतलंय. तुमी नुसता फोन देताय."

मी फोन दिला. डायरीत वेळ, नंबर आणि माझी सही टाकली. जबाबदारी माझी, असं लिहिलं.

तो उभ्यानंच बोलला. आधी हळू, मग ओरडून, मग विनवणीच्या सुरात. आम्हाला त्यातला एकच शब्द कळत होता, आवुलिया. पलीकडून कुणी तरी रागानं बोलत होतं. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला. शेवटी त्यानं एक नाव उच्चारलं. ते मेव्हण्याचं होतं, हे त्याचा चेहरा पाहूनच समजलं. फोन ठेवला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"सेक्रेटरी जातो बोलला," तो म्हणाला. "साब, आता माझी बायको मला घरात घेणार नाही. तिचा भाऊ आहे तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ठाण्यात फोन आला. तिकडच्या वनखात्याचे एक अधिकारी हिंदीतून बोलत होते. आमचा बिनतारी संदेश त्यांना नुकताच मिळाला होता. पण तो मिळायच्या कितीतरी आधी, आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या उजेडात संस्थेचे अकरा कोळी दोन बोटी घेऊन तिथे गेले होते. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी दोर कापला, जाळं फाडलं. मादीच्या शेपटीला जखम होती. काही वेळ ती जागची हललीच नाही. नुसतं नाक वर काढून श्वास घेत राहिली. कोळी तिच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभे होते. मग पिल्लू आत आलं आणि तिच्या पुढच्या, वल्ह्यासारख्या पराखाली शिरलं. तिथेच त्यांचे स्तन असतात, असं त्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. पिल्लू प्यायला लागलं तशी ती हळूहळू खोल पाण्याकडे निघाली.

फोन ठेवल्यावर मी ते सगळ्यांना सांगितलं. जमादारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ड्रिलरच्या पाठीवर थाप मारली. "लई बेस केलंस बे अन्ना." आदल्या दिवशी त्यांचाच हात पट्ट्यावर होता. माणसं बदलतात, पोलीससुद्धा.

न्यायालयात ड्रिलर माफीचा साक्षीदार झाला. मेव्हण्यावर तिकडे खटला चालला. पाणाड्याला फसवणुकीखालीही शिक्षा झाली आणि त्याची मला आजही खंत नाही.

तो फोन आला त्या सकाळीच मी जीप घेऊन छावणीवर गेलो होतो. चेअरमनबाई उसाच्या वाढ्यांच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, पेंढ्या वाटत होत्या. रांग मोठी होती, दोन बायका हुज्जत घालत होत्या. मी लांबूनच ओरडलो, "बाई, सुटली!"

"आन् पिल्लू?"

"पिल्लूबी."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि हुज्जत घालणाऱ्या बाईकडे वळल्या. "तू माघं सर गं. तुजी भाकड हाय."

आम्हा पोलिसांचं शिक्षण मेलेल्यापासून सुरू होतं. मयताचं नाव, मयताचं वय, मयताच्या अंगावरच्या जखमा. त्या सवयीनंच मी 'मृत प्राण्याचे अवशेष' असं लिहून मोकळा झालो होतो. कायदा मला माहीत होता, प्राण्याची माहिती मी गोळा केली होती, आरोपी माझ्यासमोर बसला होता. पण जिवंत कोण आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. जी बाई रोज सकाळी कुणाला आधी खायला घालायचं हे ठरवत होती, तिच्या विचारण्यातून ते बाहेर आलं.

त्यानंतर प्रत्येक घटनास्थळी मी पहिला प्रश्न तोच विचारला. काही वर्षांनी एका कोसळलेल्या विहिरीवर लोक मला दोन प्रेतं दाखवत होते, आणि मी आत अजून कोण आहे ते विचारलं. तुळईच्या आडोशाला तिसरा माणूस होता. तो आज नातवंडं खेळवतो. नव्या फौजदारांना मी हेच सांगत आलो की पंचनामा वाट पाहू शकतो, श्वास नाही.

ते अकरा कोळी मी कधी पाहिले नाहीत. ड्रिलरची बायको दोन वर्षं माहेरी राहिली, मग परत आली, असं पुढे कळलं. चेअरमनबाई आता नाहीत. तपास चांगला केला म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. त्यात माझं नाव होतं, जमादारांचं होतं. एका आरोपीनं आपलं घर पणाला लावलं आणि एका बाईनं डबा आणला, हे लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज इथे मानतो.